व्यावसायिक शीतकपाटांचे ऊर्जा-नियम: लेबलवरचा आकडा नेमका कशाचा?

विचारणा थोडक्यात अशी आहे. नव्या विक्री-दालनासाठी काचेच्या दारांची उभी कपाटे आणि समोरून उघडी असलेली मल्टिडेक घ्यायची आहेत. एका पुरवठादाराच्या कागदावर ‘दिवसाला इतके युनिट’ असा आकडा आहे, दुसऱ्याच्या लेबलवर ‘ई’ हे अक्षर आहे, आणि तिसरा म्हणतो की आमचे यंत्र नियमात बसते, एवढे पुरे. यातले चांगले कोणते? शिवाय आधीपासून चालू असलेले जुने फ्रीझर नव्या नियमांमुळे काढून टाकावे लागतील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून तो आधी घेतो. काढावे लागत नाहीत. हे नियम नव्याने बनणाऱ्या किंवा नव्याने बाजारात येणाऱ्या यंत्रांसाठी असतात. अमेरिकेत यंत्र कोणत्या तारखेनंतर बनले ते पाहतात, युरोपीय संघात ते बाजारात पहिल्यांदा कधी आले ते पाहतात. नियम पाळण्याची जबाबदारी उत्पादकाची किंवा आयातदाराची असते. तुमच्याकडे चालू असलेल्या यंत्रावर त्यामुळे कोणी बोट ठेवत नाही. ते ठेवावे की बदलावे हा हिशेबाचा प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येतो.

आता खरा प्रश्न. माझी बरीच वर्षे अशा कपाटांच्या चाचणी-खोलीत गेली, नंतर ती प्रत्यक्ष जागेवर बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. दोन्ही बाजू पाहिल्यावर एकच गोष्ट सांगावीशी वाटते: आकडा वाचण्याआधी त्याच्याखालची अट वाचा. तुमच्या हातातले तीन कागद तीन वेगळ्या अटींवर उभे आहेत. ते तसेच शेजारी ठेवून तुलना केली तर चुकीचे यंत्र निवडले जाण्याचीच शक्यता जास्त.

आधी नियम नक्की कशावर मर्यादा घालतो ते पाहू. तो सुट्या कॉम्प्रेसरवर नसतो. अख्खे कपाट, म्हणजे कॉम्प्रेसर, पंखे, दिवे, दाराचा हीटर, डिफ्रॉस्ट (कॉइलवर साठलेला बर्फ वितळवणे) हे सगळे धरून, चोवीस तासांत किती वीज घेते यावर तो असतो. मोठे कपाट जास्त वीज घेणारच, म्हणून मर्यादा एका सरळ सूत्रात दिलेली असते: एक स्थिर भाग, अधिक आकारमानाच्या प्रमाणात वाढणारा भाग. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने घातलेली मर्यादा १ जानेवारी २०१० पासून लागू झाली. स्वतःचा कॉम्प्रेसर असलेल्या काचेच्या दाराच्या कूलरसाठी (म्हणजे माल न गोठवता थंड ठेवणाऱ्या कपाटासाठी) ती अशी होती: आकारमान घनफुटांत घ्या, ०.१२ ने गुणा, त्यात ३.३४ मिळवा; येतील तितके युनिट दिवसाला. २०१४ च्या नियमाने, जो मार्च २०१७ पासून लागू झाला, उभ्या कूलरसाठी ही मर्यादा ०.१ गुणिले आकारमान अधिक ०.८६ इतकी खाली आणली.

दोन दारांचे, ४८ घनफुटांचे (साधारण १३६० लिटर) कपाट धरा. जुन्या मर्यादेत त्याला दिवसाला ९.१० युनिट चालत होते, नव्या मर्यादेत ५.६६ चालतात. फरक दिवसाला ३.४४ युनिटांचा, म्हणजे वर्षाला सुमारे १२५० युनिटांचा, तोही एका कपाटामागे. काचेच्या दाराच्या फ्रीझरमध्ये उडी याहून मोठी आहे. तेवढ्याच आकाराला जुनी मर्यादा ४०.१० युनिट होती, नवी १६.८७ आहे. फ्रीझरच्या काचेवर आणि चौकटीवर धुके धरू नये म्हणून हीटर लागतात आणि ते जुन्या बनावटीत रात्रंदिवस चालत. काचेवर उष्णता परतवणारा लेप देणे, काचांच्या पदरांमध्ये आर्गॉन वायू भरणे, हीटर हवेतल्या ओलाव्यानुसार कमी-जास्त करणे या सुधारणा आल्या आणि तिथली मोठी गळती थांबली.

इथे पंख्याबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण खरेदी करणाऱ्याचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. कपाटाच्या आत थंड हवा फिरवणारा छोटा पंखा असतो. त्याची जुन्या पद्धतीची शेडेड-पोल मोटर घेतलेल्या विजेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याचे काम करते, बाकीची उष्णता होते. शिवाय जे काम होते तेही हवा ढवळून शेवटी आतच उष्णता म्हणून उरते. म्हणजे या पंख्याने घेतलेली सगळी वीज कपाटाच्या पोटात उष्णता बनून बसते आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर पुन्हा वीज खातो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालणारी ईसी मोटर तेच काम साधारण एक-तृतीयांश विजेत करते. पंखा चोवीस तास फिरतो, त्यामुळे बचत दुहेरी होते. आतल्या दिव्यांचेही असेच आहे. ट्यूबलाइट जाऊन एलईडी आल्या तेव्हा नुसती दिव्याची वीज वाचली नाही, कॉम्प्रेसरची पाळीही कमी झाली. नियम कडक झाला की उत्पादक पहिल्यांदा हात घालतात तो याच ठिकाणी.

आता वर्गवारी. तुमच्या निवडीत सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. अमेरिकेच्या नियमात उघडे आणि बंद, उभे आणि आडवे, कूलर आणि फ्रीझर, स्वतःच्या कॉम्प्रेसरचे आणि दूरच्या कॉम्प्रेसरवर चालणारे, असे प्रत्येकाचे वेगळे वर्ग आहेत आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा आहे. उघड्या उभ्या कपाटाची मर्यादा आकारमानावर नसते, माल मांडण्याच्या दर्शनी क्षेत्रफळावर असते. स्वतःचा कॉम्प्रेसर असलेल्या उघड्या उभ्या कूलरसाठी ती १.६९ गुणिले चौरस फूट अधिक ४.७१ अशी आहे. २० चौरस फुटांचे दर्शन धरले तर उत्तर येते ३८.५१ युनिट दिवसाला. वरच्या दोन दारांच्या कपाटाचा दर्शनी भागही साधारण एवढाच असतो आणि त्याची मर्यादा ५.६६ आहे. दोन्ही यंत्रे ‘नियमात बसतात’, पण एक दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट वीज घेऊ शकते. तुमचा तिसरा पुरवठादार खोटे बोलत नसेलही, पण त्याच्या वाक्यातून तुम्हाला काहीच कळत नाही.

असे का होते? उघड्या कपाटासमोर दार नसते, वरून खाली सोडलेला थंड हवेचा पडदा असतो. तो पडदा सतत फाटतो, बाहेरची उबदार आणि ओली हवा आत शिरते. उभ्या उघड्या कपाटावरच्या एकूण उष्णताभारापैकी साधारण तीन-चतुर्थांश भार एकट्या या घुसखोरीचा असतो. ओलावा कॉइलवर बर्फ होऊन बसतो, मग डिफ्रॉस्ट वाढतो. उत्पादकाने कितीही चांगला पंखा आणि कॉम्प्रेसर लावला तरी उरलेल्या चतुर्थांशात तो किती वाचवणार? म्हणूनच २०१७ च्या टप्प्यात उघड्या कपाटांची मर्यादा नाममात्रच खाली आली, १.७४ चा गुणक १.६९ झाला, एवढेच.

युरोपीय संघाने वेगळा मार्ग घेतला आणि मला तो ग्राहकासाठी जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे थेट विक्रीच्या कपाटांसाठी २०१९ चे दोन नियम आहेत, एक किमान पात्रतेचा आणि एक लेबलचा. दोन्ही १ मार्च २०२१ पासून लागू आहेत. कपाटाचा वार्षिक वीजवापर त्याच गटातल्या संदर्भ-वापराने भागून शंभराने गुणतात. या निर्देशांकाची कमाल मर्यादा बहुतेक यंत्रांसाठी २०२१ मध्ये १०० होती आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ८० झाली. आइस्क्रीमच्या फ्रीझरसाठी ती ८० वरून ५० वर आली. महत्त्वाची गोष्ट अशी की मालाच्या उभ्या कपाटांना उघडे असोत की दारांचे, एकच संदर्भ-रेषा आहे. त्यामुळे उघडे कपाट अक्षरांच्या शिडीवर खालीच राहते आणि दारांचे वर जाते. लेबलवरची शिडी अशी आहे: निर्देशांक १० च्या खाली ‘ए’, २० पर्यंत ‘बी’, ३५ पर्यंत ‘सी’, ५० पर्यंत ‘डी’, ६५ पर्यंत ‘ई’, ८० पर्यंत ‘एफ’ आणि त्यावर ‘जी’. मर्यादाच ८० वर आल्यामुळे २०२३ नंतर बाजारात आलेल्या बहुतेक यंत्रांना ‘जी’ हे अक्षर मिळूच शकत नाही. ते दिसले तर जुना साठा आहे का, असे सरळ विचारा. आणि ‘ई’ पाहून नाक मुरडू नका. घरगुती फ्रिजच्या लेबलचा अंदाज इथे लावायचा नाही. व्यावसायिक कपाटांत ‘सी’ किंवा ‘डी’ हे खरोखर चांगल्या बनावटीचे लक्षण आहे.

त्या लेबलवर अक्षराइतकेच मोलाचे आणखी दोन आकडे असतात: वर्षाला लागणारे युनिट, आणि कपाटाचे दर्शनी क्षेत्रफळ किंवा आकारमान. वार्षिक आकडा ३६५ ने भागला की पहिल्या पुरवठादाराच्या कागदाजवळ जाता येते. पण जवळच. तिथे पोहोचायला तापमान आणि खोलीची अट पाहावी लागते.

कपाटातला माल किती थंड ठेवून चाचणी घेतली? अमेरिकी पद्धतीत कूलर ३८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ३.३ अंश सेल्सियसला तपासतात आणि फ्रीझर ० अंश फॅरनहाइटला. आयएसओ २३९५३ या आंतरराष्ट्रीय मानकात मालाच्या तापमानाचे वर्ग आहेत. ‘एम१’ म्हणजे माल उणे १ ते ५ अंशांत, ‘एम२’ म्हणजे उणे १ ते ७ अंशांत, ‘एच१’ म्हणजे १ ते १० अंशांत राहिला पाहिजे. ‘एम२’ वर तपासलेल्या कपाटाचा आकडा सुंदर दिसेल, पण तुमचा नाशवंत माल पाच अंशांच्या आत ठेवणे बंधनकारक असेल तर ते कपाट तुमच्या कामाचेच नाही. थर्मोस्टॅट खाली केला की वीज वाढेल, आणि कधी कधी कपाट तिथपर्यंत पोहोचतच नाही. असे नव्या दालनांत मी प्रत्यक्ष पाहिले आहे. माल फेकला गेला, विजेची बचत कुठल्या कुठे गेली.

खोलीचे तापमान हा दुसरा भाग. अमेरिकी चाचणी साधारण २४ अंश सेल्सियसच्या खोलीत होते, आयएसओच्या हवामान-वर्ग ३ ची २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत. तुमच्या दालनात दुपारी ३८ अंश होत असतील तर काय होईल, याचा हिशेब असा: आतले तापमान ३.३ धरले तर भिंतींतून येणारी उष्णता २४ च्या खोलीत २०.७ अंशांच्या फरकाने येते आणि ३८ च्या खोलीत ३४.७ अंशांच्या, म्हणजे १.७ पट. त्यावर कंडेन्सरचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचे) तापमान दर अंशाने चढले की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने २ ते ३ टक्क्यांनी वाढते. हे दोन परिणाम एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. दिवे आणि पंख्यांचा भार तेवढाच राहतो, तरीही लेबलच्या दीडपट वापर सहज होतो आणि यंत्रात काहीही बिघाड नसतो. दारांच्या उघडझापेचेही असेच. अमेरिकी चाचणीत दार आठ तासांत तासाला सहा वेळा, प्रत्येक वेळी सहा सेकंद उघडतात. म्हणजे दिवसाला ४८ वेळा. वर्दळीच्या ठिकाणी एवढे तर अर्ध्या तासात होते.

यामुळे लेबल निरुपयोगी ठरत नाही. एका मानकाखालची सगळी यंत्रे सारख्याच खोलीत, एकाच शिस्तीत तपासली गेल्यामुळे त्यांच्यातला क्रम खरा असतो. फक्त तो आकडा वीजबिलाचे भाकीत म्हणून घेऊ नये.

भटारखान्यात लागणारी बंद दाराची साठवण-कपाटे युरोपच्या वर सांगितलेल्या नियमांत येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. तिथे त्यांचा नियम वेगळा आहे, २०१५ चा, १ जुलै २०१६ पासून लागू. त्यात सामान्य कपाट ३० अंशांच्या खोलीत तपासतात आणि हलक्या कामाचे २५ अंशांत; जड कामाचे कपाट ४० अंशांतही थंडी टिकवू शकले पाहिजे. हलक्या कामाच्या कपाटाच्या माहितीपत्रकात ते गरम भटारखान्यासाठी योग्य नाही असे स्पष्ट छापणे उत्पादकाला बंधनकारक आहे. ते वाक्य बारीक अक्षरांत असते आणि स्वस्त कपाट पाहून कोणी वाचत नाही.

मल्टिडेक दूरच्या कॉम्प्रेसर-रॅकवर (अनेक कपाटांसाठी एकत्र बसवलेल्या कॉम्प्रेसरांवर) चालणारी घेणार असाल तर एक मोठी सावधगिरी. अशा कपाटाची चाचणी होते तेव्हा तुमचा रॅक तिथे नसतो. कपाटातून किती उष्णता काढावी लागली ते मोजतात आणि एका ठरावीक आदर्श कार्यक्षमतेने भागून कॉम्प्रेसरची वीज ‘मांडतात’. युरोपीय पद्धतीतही हेच आहे, सूत्र तेवढे वेगळे. त्यामुळे लेबल कपाटाच्या बनावटीबद्दल खरे सांगते, पण रॅक जुना असेल, पाइप लांब असतील, त्यावरचे आवरण गळून पडले असेल, तर वीज तिकडे जाते आणि लेबलला त्याची खबरही नसते. कपाट आणि रॅक वेगवेगळ्या लोकांकडून घेतले तर मधल्या पाइपाची जबाबदारी कोणाची, हे करारातच लिहून घ्या.

भारतात या सगळ्याचा पाया ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ हा आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि डीप फ्रीझर त्यात २०२० मध्ये ऐच्छिक तत्त्वावर आले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये व्यावसायिक कपाटांना किमान पात्रता २००४ पासून आहे. तारे असोत की अक्षरे, अट वाचायची पद्धत तीच.

गॅसबद्दल विचारणेत काही नव्हते, पण निवड करताना तो आडवा येतोच. ऊर्जेचा नियम आणि गॅसचा नियम वेगळे असतात. आर-४०४ए या जुन्या गॅसचा जागतिक तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ३९०० पटींहून अधिक धरला जातो. आर-२९० म्हणजे प्रोपेनचा जेमतेम तिप्पट. युरोपात १ जानेवारी २०२२ पासून गॅसचे मंडल कारखान्यातच कायमचे बंद केलेल्या नव्या व्यावसायिक कपाटांत दीडशे पट किंवा त्याहून अधिक परिणामाच्या अशा गॅसला बंदी आहे. प्रोपेन उष्णता वाहून नेण्यात चांगला, म्हणून दोन्ही नियम एकाच दिशेने ओढतात. अडचण ज्वलनशीलतेची. म्हणून एका मंडलात १५० ग्रॅमचीच परवानगी होती. आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानकाने २०१९ मध्ये ती सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत नेली आणि मोठ्या कपाटांचा रस्ता मोकळा झाला. मात्र जुन्या आर-१३४ए च्या कपाटात ‘गॅस बदलून प्रोपेन भरून देतो’ असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या कपाटातले स्विच, रिले आणि पंखे ठिणगी-सुरक्षित बनवलेले नसतात. हा जिवाशी खेळ आहे.

आता जुन्या फ्रीझरचा हिशेब. प्रत्येकावर साधे वीजमापक लावून निदान एक पूर्ण आठवडा मोजा. डिफ्रॉस्ट, सुट्टीचा दिवस, गर्दीचा दिवस, सगळे त्यात आले पाहिजे. मग त्याच आकाराच्या नव्या यंत्राच्या आकड्याशी ताडा, पण नव्याचा आकडा तुमच्या खोलीच्या तापमानानुसार वाढवून घ्या. नाहीतर नव्याला फुकटचे झुकते माप मिळते.

मोजण्याआधी मात्र जुने यंत्र नीट करा. एकदा मला एका काचेच्या दाराच्या फ्रीझरसाठी बोलावले होते. तो आपल्या लेबलच्या खूप पुढे वीज घेत होता आणि मालकाने बदलायचे ठरवलेच होते. दाराच्या चौकटीवर पाणी धरत होते म्हणून पूर्वी कोणी तरी हीटरचा नियंत्रक काढून हीटर थेट लाइनला जोडला होता. पाणी धरण्याचे खरे कारण होते खालच्या कोपऱ्यात फाटलेले गॅसकेट, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी. म्हणजे एका बाजूने ओली हवा आत, दुसऱ्या बाजूने हीटरची उष्णता आत, आणि कॉम्प्रेसरला विश्रांती म्हणून नाही. गॅसकेट बदलले, नियंत्रक परत जोडला, कंडेन्सरच्या कॉइलवर साचलेला धुळीचा थर काढला. तो फ्रीझर नंतर कित्येक वर्षे चालला. युरोपीय नियमात सुट्या भागांची तरतूद आहे, ती मला याच कारणाने फार आवडते: मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर आठ वर्षे ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि मागणीनंतर पंधरा कामाच्या दिवसांत पोहोचले पाहिजेत. गॅसकेट मिळाले नाही म्हणून फेकलेली कपाटे मी खूप पाहिली आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर उघडी मल्टिडेक घेतलीच नसती. दारांची घेतली असती. विक्री कमी होईल ही भीती नेहमी मांडली जाते. ती तपासायची असेल तर एका रांगेला दारे लावून पाहा आणि विक्रीचे आकडे स्वतःच ताडा. उघडी घ्यावीच लागली तर निदान रात्रीचे पडदे यंत्रासोबतच मागा, नंतर ते लावायचे राहून जातात. स्वतःच्या कॉम्प्रेसरची कपाटे एकमेकांच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नका, मागे आणि वर उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडा.

आणि तिन्ही पुरवठादारांना एकच पत्र पाठवा. त्यात हे लेखी मागा: चाचणी कोणत्या मानकाने झाली, मालाचा तापमान-वर्ग कोणता, खोलीचे तापमान आणि आर्द्रता किती, चोवीस तासांचे युनिट, निव्वळ आकारमान आणि दर्शनी क्षेत्रफळ, कपाट उघडे की दाराचे, कॉम्प्रेसर आत की दूर, पंख्याची मोटर कोणत्या प्रकारची, दाराच्या हीटरला नियंत्रक आहे की नाही, आणि गॅस कोणता, किती ग्रॅम. ज्याच्याकडे खरा चाचणी-अहवाल आहे तो हे सगळे दोन दिवसांत पाठवतो. उत्तरे आली की इथे मांडा, एकेक ओळ घेऊन ताडून देतो.